खिडकी कोणाची, ऊन कोणाचे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

खिडकीतून वीज निघते, असे आमच्या आजीला कोणी सांगितले असते तर तिने तोंडाला पदर लावून हसून घेतले असते. तिच्या लेखी खिडकीची कामे तीनच. वारा यावा, उजेड यावा आणि शेजारणीशी बोलता यावे. चौथे काम तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. पण आज ते चौथे काम खरेच शोधून काढण्यात आले आहे. ऊन चढले की आपोआप गडद होणारी काच, आणि त्याच उन्हातून वीज काढणारे तावदान, या गोष्टी आता कल्पित कथेतल्या राहिलेल्या नाहीत. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ‘स्मार्ट खिडकी’ हा शब्द वरचेवर वाचायला मिळतो, आणि उद्याची मुंबई अशा खिडक्यांची असेल असे चित्रही रंगवले जाते.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. काच कशी करावी हा शास्त्राचा प्रश्न आहे, त्यात मला बोलण्याचा अधिकार नाही. पण ती कोणाच्या भिंतीत बसवावी आणि तिच्यावर पडणारे ऊन कोणाच्या मालकीचे, हे प्रश्न काही प्रयोगशाळेत सुटणारे नव्हेत. शिवाय ज्या घरात दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून अभ्यास करावा लागतो, त्या घरातली मी आहे. खिडकीविषयी बोलण्यास एवढा अधिकार पुरेसा असावा!

आधी ही खिडकी म्हणजे काय ते पाहू. तिची दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यातली काच वीज निर्माण करीत नाही, फक्त रंग बदलते. टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर विजेच्या किंचित दाबाने निळा पडतो आणि दाब उलटा केला की पुन्हा पारदर्शक होतो, हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सत्येन देब यांनी १९६९ साली दाखवून दिले. आज मोठ्या विमानांतून पडद्याऐवजी बटण दाबून खिडकी काळोखी करतात, ती याच जातीची करामत. दुसऱ्या घराण्यातली काच म्हणजे मूळची सौर घटच, मात्र विरळ केलेली, म्हणजे आरपार दिसावे इतकी. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील तंत्रविद्यापीठाच्या सभागृहाच्या दर्शनी भागावर रंगीत काचांच्या अशा घटांची एक संपूर्ण भिंतच २०१४ च्या सुमारास उभी राहिली. पुढे २०१७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत ही दोन्ही घराणी एकत्र आली. तिथल्या संशोधकांनी अशी काच केली की ती थंड असताना स्वच्छ राहते, उन्हाने तापली की काळी होते आणि काळी असताना वीज देते. त्या काचेची क्षमता ११.३ टक्के भरली. अडचण एवढीच की, असे काळे-गोरे होण्याचे काही फेरे झाले की काचेचा दम उखडू लागे.

आपल्या पवईलाही या विषयावर काम चालते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. आय.आय.टी. मुंबईत २०१० पासून सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथील संशोधकांनी पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचा अर्धपारदर्शक घट नेहमीच्या सिलिकॉनच्या घटावर ठेवून दोघांची मिळून क्षमता २६ टक्क्यांच्या घरात नेली आहे. वरचा घट आपल्याला हवा तेवढा प्रकाश खातो आणि उरलेला खालच्यासाठी सोडतो. खिडकीच्या काचेचे तत्त्व हेच. फरक एवढाच, की खिडकीमागे सिलिकॉनचा घट नसतो, माणूस बसलेला असतो.

आणि इथेच खरी मेख आहे. प्रकाश एक तर आत येईल, नाही तर त्याची वीज होईल. एकच चपाती दोघांनी पूर्ण खाता येत नाही. डोळ्यांना न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरण तेवढे खाऊन दिसणारा प्रकाश जसाच्या तसा आत सोडणारी काच करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि उन्हातली निम्म्याहून अधिक ऊर्जा न दिसणाऱ्या किरणांतच असल्याने त्या प्रयत्नांना अर्थ आहे. पण काच जितकी स्वच्छ तितकी वीज कमी, हा हिशोब चुकत नाही.

त्यातून आपली मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. भूगोलाच्या तासाला शून्य सावलीचा दिवस आपण शिकतो. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. परीक्षेत आपण हे लिहितो आणि विसरतो. पण याचा अर्थ असा की, ज्या वेळी ऊन सर्वांत कडक, त्या वेळी उभ्या भिंतीवर आणि उभ्या खिडकीवर ते थेट पडतच नाही! सगळे ऊन गच्चीवर. उत्तरेकडील युरोपात सूर्य तिरपा असतो, तिथे उभी भिंत चांगली कमावते. आपल्याकडे पूर्वेची भिंत सकाळी कमावील, पश्चिमेची तिसऱ्या प्रहरी आणि दक्षिणेची हिवाळ्यात. जून ते सप्टेंबर ढगांचे राज्य असते, ते वेगळेच.

मी वहीत एक ढोबळ हिशोब मांडून पाहिला. आपल्याकडे गच्चीवरचा एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो, असे सर्वसाधारणपणे धरतात. म्हणजे एक चौरस मीटर तक्त्यामागे पाऊण-एक युनिट. चांगल्या दिशेच्या खिडकीवर दिवसाकाठी अडीच युनिटांइतके ऊन पडते आणि काच त्यातले पाच टक्के पकडते असे धरले, तर चौरस मीटरला एक अष्टमांश युनिट हाती लागते. गच्ची खिडकीच्या सहापट कमावती ठरली.

मग खिडकीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मला कमावण्यापेक्षा अडवण्यात अधिक दिसतो. पश्चिमेच्या काचेवर दुपारी चौरस मीटरमागे सातशे वॅटपर्यंत ऊन येते. साधी काच त्यातले बहुतेक आत सोडते, आणि आत तापलेल्या टेबलखुर्च्यांची धग मात्र बाहेर जाऊ देत नाही. अशी नऊ-दहा चौरस मीटर काच म्हणजे दीड टनाच्या एका वातानुकूलन यंत्राला दिवसाचे पुरते काम. यातली साडेचारशे वॅट उष्णता बाहेरच अडवली तर यंत्राची सुमारे दीडशे वॅट वीज वाचते. तेच तावदान वीज करू लागले तर पन्नासएक वॅट देईल. म्हणजे वाचवलेली वीज कमावलेल्या विजेच्या तिप्पट! आईचा महिन्याचा हिशोबही याच धर्तीचा असतो, त्यामुळे मला हे आकडे पाहून फारसे नवल वाटले नाही.

आता ज्या उन्हाला अडवायचे ते अडवण्यासाठी काळी होणारी काचच हवी का? कोकणातल्या घराला पडवी असते, चाळीला गॅलरी असते, कोर्टकचेऱ्यांच्या जुन्या दगडी इमारतींना खोल कमानी आहेत. ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, ही युक्ती आपल्या लोकांना शाळेत न जाता ठाऊक होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीत तीच युक्ती वापरली. मुंबईत वाऱ्यासाठी आणि समुद्रासाठी पश्चिमेकडे तोंड करावे लागते, पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच येतात. म्हणून त्यांनी घरांभोवती खोल बागवजा गच्च्या ठेवल्या. श्रीमंतांच्या इमारतीचे उदाहरण मी मुद्दामच देते आहे. ज्यांना काच परवडत होती त्यांनाही सावली हवी होती.

आणि आमच्या उपनगरांत काय झाले? अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतून किंवा मालाडच्या नव्या कचेऱ्यांच्या बाजूने एकदा चालत जाऊन पाहावे. जिथे कारखाने होते तिथे आता पायापासून माथ्यापर्यंत काच. छज्जा नाही, पडवी नाही, उघडणारी खिडकी नाही. आमचे बाबा अशाच एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन आहेत. त्या इमारतीची काच चकचकीत, ऊन परत फेकणारी आहे. आतल्या माणसांना ते सोयीचे. परंतु परत फेकलेले ऊन कोठे तरी पडणारच. ते दुपारी तीन ते साडेचार बाबांच्या खुर्चीवर पडते. बाबा खुर्ची सरकवतात, ऊनही सरकते. आत कॉलरभोवती शाल गुंडाळून बसलेल्या मुली आणि बाहेर टोपीखाली ओला रुमाल ठेवलेले बाबा, यांच्यामध्ये केवळ एक काच आहे.

ही थंडी येते कोठून? मुंबई उपनगरांना वीज देणारी कंपनी १९२९ साली स्थापन झाली. पुढे तिची नावे आणि मालक बदलले; २०१८ पासून हा कारभार अदानींकडे आहे. उपनगरांसाठी डहाणूला ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र आहे. डहाणू हा वारल्यांचा आणि चिकूच्या बागांचा तालुका. १९९१ साली केंद्र सरकारने तो पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि त्याच दशकात तिथे कोळसा जळू लागला. अंधेरीतल्या कचेरीची काच साधी ठेवायची की शहाणी, याचा परिणाम शेवटी डहाणूच्या धुरांड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मी या शोधाची थट्टा करीत नाही. ज्या इमारती बांधून झाल्या, ज्यांची काच आता काढून टाकता येणार नाही, त्यांनी ही नवी काच अवश्य बसवावी. नव्हे, त्यांना ती बसवायला लावावी. माझी तक्रार आहे ती नव्या इमारतींविषयी. ‘काच शहाणी आहे, मग इमारत मूर्ख असली तरी चालेल’ असा समज रूढ होण्याची मला भीती वाटते. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन संहितेने भिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग काचेचा नसावा असा दंडक सुचवला आहे, आणि राहत्या घरांसाठी २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ही आली. पण अंधेरीत उभे राहून वर पाहिले की ४० टक्के कोठे संपतात ते कळत नाही.

आमचा मामेभाऊ पॉलिटेक्निकला आहे. त्याला माझे हे म्हणणे अजिबात पटत नाही. तो म्हणतो, “ताई, तुम्हा आर्ट्‌सवाल्यांना प्रत्येक नवी गोष्ट श्रीमंतांचीच वाटते. सौर तक्तेही एके काळी उपग्रहांवरच असायचे. आज मेट्रोच्या स्टेशनांच्या छपरांवर आहेत. उद्या ही काचही स्वस्त होईल.” त्याचे म्हणणे खोटे नाही. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत झालेला पहिला सिलिकॉनचा घट सहा टक्क्यांचा होता, आणि आज गावोगावच्या पंपांवर वीस टक्क्यांचे तक्ते बसतात. त्याचा दुसरा मुद्दा तर मला निरुत्तर करणारा होता. तो म्हणाला, गच्ची-गच्ची काय करतेस, बावीस मजली इमारतीची गच्ची ती केवढी? मी पुन्हा वही काढली. आमच्या सात मजली इमारतीत ७० घरे आहेत. टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून गच्चीवर पंधरा किलोवॅटचा संच बसेल, दिवसाला ६० युनिट मिळतील. घरटी एक युनिटही नाही. बावीस मजल्यांच्या इमारतीत घरटी अर्धे युनिटही पडणार नाही. इमारत जशी उंच होते तशी गच्ची तेवढीच राहते आणि भिंत वाढत जाते. तेव्हा उंच शहराला भिंतींकडून आणि खिडक्यांकडून वीज घ्यावी लागणार, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरच्या चारही भिंतींना सौर तक्ते लावलेच आहेत. त्या भिंतींना खिडक्यांची गरज नव्हती, आत यंत्रेच राहतात.

पण किंमत खाली येईल असे तो म्हणतो, तेव्हा मी त्याला विचारते, किंमत खाली येईल रे, ऊन खाली येईल का? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो!

घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या झोपडीला पत्र्यात एक चौकोन कापून काच लावलेली होती. सकाळी उन्हाचा कवडसा त्यातून थेट चुलीजवळ पडे. बारा वर्षांपूर्वी पुनर्वसनाच्या इमारतीत २६९ चौरस फुटांचे घर मिळाले. पक्की भिंत, स्वतःचा संडास, दाराला कडी. या गोष्टींचे मोल ज्यांनी रांगेत डबा घेऊन उभे राहून पाहिले आहे त्यांनाच कळेल, आणि त्याबद्दल मी कुरकुर करणार नाही. खिडकीही मिळाली, चांगली चार फुटी, सरकत्या काचेची. फक्त तिच्यासमोर हाताच्या अंतरावर म्हणावी अशी दुसरी इमारत आहे. समोरच्या काकूंनी भाजीला कशाची फोडणी दिली हे आम्हाला कळते, पण बाहेर ऊन आहे की आभाळ हे कळत नाही. अशा खिडकीत जगातली सर्वांत शहाणी काच बसवली तरी ती बिचारी काय कमावणार?

हे आमच्या एका इमारतीचे रडगाणे नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आय.आय.टी. मुंबईच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे इमारती एकमेकींना खेटून आहेत. अशा जागी खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि क्षयरोग अधिक आढळतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तेव्हा उन्हाचा प्रश्न विजेच्या बिलापुरता नाही. बिलाचे म्हणाल तर वीस वॅटची ट्यूब दिवसभर बारा तास जळली तरी महिन्याला सातएक युनिट होतात. त्याहून कितीतरी अधिक वीज पंखा खातो. ट्यूबलाइटने अक्षर दिसते, पण तिने भिंतीची ओल जात नाही आणि खोकलाही जात नाही.

उद्या खिडकी वीज देऊ लागली की खिडकीवरच्या उन्हाला भाव येईल. ज्या वस्तूला भाव आला तिच्यावरून भांडण आलेच. समोर नवा टॉवर उभा राहिला आणि माझ्या वीज देणाऱ्या खिडकीवर सावली पडली, तर भरपाई कोणी द्यायची? गंमत अशी की, याविषयीचा कायदा आपल्याकडे फार जुना आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीला सलग वीस वर्षे विनाअडथळा उजेड-वारा मिळत आला असेल, तर त्यावर तिचा हक्क बसतो. वाड्यांना आणि बंगल्यांना हे ठीक होते. पण पुनर्वसनाच्या इमारतीला जन्मतःच सावली मिळते. तिला वीस वर्षे सोडा, वीस मिनिटांचाही उजेड सिद्ध करता येणार नाही. टेकडीवरच्या झोपडीत मात्र आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ उन्हात होतो, आणि त्या उन्हाची नोंद कोणत्याही कागदावर नाही. पात्रता ठरवताना रेशनकार्ड पाहिले, वीजबिल पाहिले. कवडसा कोणी मोजला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, खिडक्यांना अनुदान द्यायचे तेव्हा द्यावे, आधी दोन इमारतींमधल्या अंतराचा नियम पुनर्वसनाच्या इमारतींनाही इतरांइतकाच कडक लावावा. तिथे मिळणारी सूट म्हणजे आमच्या उन्हाची विक्री आहे, आणि तिचे पैसे आम्हाला मिळालेले नाहीत. ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या गच्च्या तरी वापरात आणाव्यात. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पी.एम. सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे साहाय्य आहे. आमच्या गच्चीच्या हिशोबाने ते दोन लाख सत्तर हजार होतात. ६० युनिटांत घरे उजळणार नाहीत, पण लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालेल. आमची लिफ्ट बिल थकल्यामुळे महिनोन् महिने बंद असते आणि सातव्या मजल्यावरच्या आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणावे लागते, हे पाहिले म्हणजे पंप आणि लिफ्ट या गोष्टी किरकोळ वाटत नाहीत. सोसायटीच्या बैठकीत मी हे मांडले. कागदपत्रे कोणी भरायची यावर बैठक थांबली. अर्ज आता माझ्याकडे आहे.

जाता जाता आपल्या महाविद्यालयाकडेही पाहू. पश्चिमेच्या अंगाच्या वर्गांत दुपारच्या तासांना काय चालते ते सर्वांना ठाऊक आहे. उन्हामुळे फळा दिसत नाही म्हणून तावदानांना खाकी कागद चिकटवले आहेत, कागदामुळे अंधार होतो म्हणून दिवे लावले आहेत आणि उकाड्यामुळे पंखे पूर्ण वेगात आहेत. ऊन, वीज आणि खाकी कागद असा तिहेरी खर्च आपण सुखाने चालवतो! बाहेरून दोन-अडीच फुटांचे आडवे छज्जे लावले आणि त्यांच्या कडेला बांबूच्या चिका सोडल्या तर किती फरक पडतो, हे मोजून पाहणे द्वितीय वर्षाच्या प्रकल्पाला काही वाईट नाही. भूगोलाच्या मॅडमनी त्याला तोंडी परवानगी दिली आहे. एका वर्गाला छज्जा-चिका, शेजारच्या वर्गाला खाकी कागद, आणि दोन्हीकडे मार्चपासून रोज तीन वाजता तापमापी व मीटर पाहायचे. विभागात तापमाप्या सहा आहेत, त्यांतल्या दोनच चालतात, तेवढ्या पुरतील. ज्यांना यायचे असेल त्यांनी परीक्षेचे वेळापत्रक लागण्याआधी माझ्याकडे किंवा विभागात नाव द्यावे.